पहिला नियम : ऐकायचं नाही

१४ मार्च २००८, शुक्रवार. सकाळी ११.२०

याच मिनिटाला सात नंबरने माझ्या इंटरनेटवरच्या मंडळाचे पाचही नियम पुसून टाकले. वेळ मुद्दाम लिहून ठेवते – पुढे लागेल.

मोतीबिंदूमुळे पंधरा दिवस कॉम्प्युटर बंद, म्हणून मंडळाचा चार्ज तिला दिला होता. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकतीस वर्षं मी अशीच रजा घेतली. चार्ज द्यायचा, आल्यावर परत घ्यायचा. या साइटला परत घेणं ठाऊकच नाही! मालक बदलला की बदलला. भाची म्हणाली, "मावशी, किल्ली दिलीस ती दिलीस. आधी विचारायचंस ना." डोळ्यावर पट्टी बांधून विचारणार होते?

मंडळ मी काढलं, दोन वर्षांपूर्वी. एकोणीस जणी, सगळ्या जुन्या ऑपरेटर. नावं नाहीत, आपापल्या बोर्डाचे नंबर. पहिला नियम एक्स्चेंजमधलाच : ग्राहकाचं बोलणं ऐकायचं नाही, कानावर पडलंच तर कुणाला सांगायचं नाही.

आणि आता सभासद तीनशे चार. कोण? ग्राहक! दार सताड उघडं टाकलंय बाईने.

१५ मार्च

सात नंबरला फोन केला. बोर्डावर कॉर्ड कुठे खुपसायची तेसुद्धा मी शिकवलेलं.

"बाई, तुमच्या मंडळात होतं काय? रोज एकोणीस सुप्रभात."

"शिस्त होती."

"ती स्मशानातही असते."

निवृत्तीनंतर तोंड फुटलंय.

१७ मार्च

साइटवाल्या कंपनीकडे रीतसर तक्रार केली. चार सेकंदांत उत्तर : आपल्या भावना आम्ही समजू शकतो. चार सेकंदांत माझ्या आईलाही कधी समजल्या नव्हत्या.

१९ मार्च

आज दिवसभर मंडळ वाचलं. केवळ पुरावा म्हणून.

दोन कारकून – बारा वर्षं रोज फोनवर मालाचे भाव सांगत होते, एकमेकांना पाहिलं कधीच नव्हतं. काल फोटो टाकले. "तुम्ही एवढे बुटके असाल असं आवाजावरून वाटलं नव्हतं." एक निवृत्त डॉक्टरीणबाई लाइनमनच्या गुडघ्याला व्यायाम सांगताहेत. कुणी शिलाई मशीन विकतंय, कुणी भाचीसाठी स्थळ बघतंय, आणि एकजण सगळ्यांना गप्प बसा म्हणून सगळ्यांच्या शिव्या खातोय. गाव वसलंय गाव! तो शिव्या खाणारा खरं तर मी असायला हवी होते.

जेवण गार झालं. पुराव्यासाठी.

२१ मार्च

एका औषध दुकानदाराने लिहिलंय :

‘साल १९७७, संपाची दुपार. ट्रंककॉलवर मी एका मुलीला लग्नाचं विचारलं. ती गप्प. कॉलची ठरलेली तीन मिनिटं संपली तरी ऑपरेटरने कॉल तोडला नाही. पाच झाली, सात झाली. शेवटी मधूनच तिसरा आवाज आला – बाई, हो-नाही काय ते सांगून टाका, मागे अकरा कॉल खोळंबलेत. ती हसली आणि हो म्हणाली. त्या ऑपरेटर कोण होत्या?’

स्वेटरचे टाके मोजत होते. कुठवर आले ते विसरले.

२२ मार्च

त्याच्याखाली सात नंबरने ठोकून दिलंय : ‘ती मीच.’ चाळीस शाबासक्या!

अगं, तू लागलीसच एकोणऐंशीत! लगेच फोन केला.

"मी नव्हते तर कोण होतं, बाई? ठाऊक असेल तर लिहा की तिथे."

लिहू कसं? चौऱ्याऐंशीत याच पहिल्या नियमावरून हिला मेमो कुणी दिला? मी. अख्ख्या शिफ्टसमोर. पोरगी ढसाढसा रडली होती.

कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर म्हणायच्या, खोटं बोलणारीपेक्षा गप्प बसणारी जास्त खोटारडी. तेव्हा पटलं नव्हतं.

२३ मार्च. सकाळी ११.२०

मंडळात टाकलं ते जसंच्या तसं :

‘सात नंबर १९७९ साली नोकरीला लागली. १९७७ची ती ऑपरेटर मी. कॉल साडेनऊ मिनिटं चालला आणि मी तो पहिल्यापासून ऐकला. सात नंबरला दिलेला मेमो मागे घेत आहे. औषध दुकानदारांनी बुधवारी संध्याकाळी पाचच्या आत लेखी कळवावे : त्या बाई सुखात आहेत ना? आणि एवढा वेळ गप्प का होत्या?’