बैलाच्या पोटातला माणूस

गिमाराइन्स, ११ एप्रिल १९९७

ती. दिंदास, जुरासीचा नमस्कार. सख्खी बहीण तू आणि बाप्तिस्म्याची आई, म्हणजे दिंदा, तीही तूच, तेव्हा आशीर्वाद दुप्पट पाठव.

वि. वि., खाडीत बोट फार हलली, पण पोचलो. जखम भरली आहे. लघवी बसून करावी लागते, एवढंच. बायकोपासून काय लपणार, लिंदालवाला सगळं माहीत आहे. बाकी गावाला हर्नियाचं ऑपरेशन म्हणून सांगितलंय. लिंगाला कॅन्सर झाला, टोकाकडचा भाग कापला, हे इथे कळलं तर माझ्या मयतीतसुद्धा विनोद होतील. आपले लोक तुला ठाऊकच आहेत.

जांघेत दोन्ही बाजूंना गाठी आल्यात. घाबरू नकोस, त्या बैलाच्या ओझ्याने आल्यात. जूनच्या सणाचा सराव सुरू झालाय आणि यंदाचा बैलाचा लाकूड-कापडाचा सांगाडा भलताच जड आहे. इतकी वर्षं मीच त्याच्या पोटात शिरून नाचतो, मला नाही कळणार? तिकडच्या डॉक्टरीणबाईंनी मेमध्ये पुन्हा बोलावलंय खरं. पण मी संत जुआंवना नवस बोललोय, की यंदाचा बैल मी नाचवतो, तुम्ही मला वाचवा. मध्येच सोडून गेलो तर ते माझं का ऐकतील? सप्टेंबरात खेळातला बैल मारला, मोसम संपला, की लगेच येतो.

रागाव हवं तर, पण माया आटू देऊ नकोस.
तुझा जुरासी

साओ लुईस, २० एप्रिल

चि. सौ. लिंदालवास, ओनोरिनाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.,

हे पत्र मुद्दाम तुला लिहितेय. त्या शहाण्याला लिहिलं असतं तर वाचून उशीखाली सारलं असतं. त्याचं पत्र मी दहादा वाचलं. शेवटी काल जाऊन डॉक्टरीणबाईंना गाठलं.

त्या म्हणाल्या, रोग जांघेत पोचलेला नसेल तर बहुतेक पुरुष ऑपरेशननंतर छान जगतात. जांघेतल्या गाठींत शिरला असेल, तर पाच वर्षांनी साधारण निम्मेच उरतात. तिथून वर पोटात चढला, की फार थोडे. गाठी नुसत्या जखमेच्या सुजेनेही येतात, पण वरून कळत नाही, काढून तपासाव्याच लागतात. सप्टेंबर म्हटल्यावर त्यांनी डोक्याला हात लावला. म्हणाल्या, तुमच्याकडचे पुरुष आधी मलम लावतात, मग झाडपाल्याची बाटली पितात, मग लाजतात, आणि आमच्याकडे येतात ते सगळ्यात शेवटी. मी काय बोलणार? आपल्या जुरासीनेही वर्षभर बाटल्याच रिचवल्या होत्या ना!

पोरी, तू त्याची बायको आहेस. गोड बोल, भांड, काय वाटेल ते कर, पण त्याला बोटीत बसव. माझा हा एकच भाऊ उरलाय.

मुलांना पापे. तुझ्यावर माझा जीव आहे, हे विसरू नकोस.
ओनोरिना

गिमाराइन्स, २ मे

ती. दिंदांस, लिंदालवाचा नमस्कार. आशीर्वाद असावा.

गोड बोलून झालं, भांडून झालं. आता तर आपली झोपायची झोळी ओट्यावर टांगून एकटाच झोपतो. शेजारीण विचारते, नदीपलीकडे कुणी ठेवलीय का. मी हसण्यावारी नेते. मनात येतं, असती तर एकवेळ बरं होतं, तिच्या झिंज्या तरी उपटता आल्या असत्या.

शनिवारी तो बाजारात मासे टाकायला गेल्यावर मी सरावाच्या मांडवात गेले आणि सरळ बैलाच्या पोटात शिरले. बाया शिरत नाहीत, माहीत आहे. दिंदा, सगळा भार डोक्यावर आणि खांद्यांवर येतो! जांघेला काही शिवतसुद्धा नाही. मी आतच उभी राहून रडले. बाहेर सराव घ्यायला आलेले प्रोकोपियोमास्तर उभे. त्यांना वाटलं, सांगाडा भुताने धरला. मग मी त्यांना सगळं सांगून टाकलं. हर्निया नाही, कॅन्सर आहे, कुठे आहे तेही, आणि नवसाचंही. मास्तरांमागे आणखी चारजण होते; तोंडातून गेलं ते गेलं.

मास्तरांनी मला बाकावर बसवलं. मग म्हणाले, नवस घराचा असतो, घरातल्या कुणाच्याही पायांनी फिटतो. संतांना जुरासीचेच पाय हवेत असं थोडंच आहे? आणि मला म्हणाले, उद्यापासून सरावाला ये. चाळीस वर्षांत त्यांनी बाईला बैल दिला नव्हता.

आता जुरासी माझ्याशी बोलत नाही. मी चुकले का हो? मला पोटाशी धरा.
लिंदालवा

गिमाराइन्स, ९ मे

ती. दिंदास नमस्कार.

तुझ्या भावजयीने गावभर माझे वाभाडे काढले. रागाने आठवडाभर मी मांडवाकडे फिरकलो नाही. काल संध्याकाळी बेनिवाल आला, आमचा ढोलवाला. वाटलं, हा चावट आता माझी फिरकी घेणार. पण मला होडीमागे नेऊन तो खाली बघत म्हणाला, जुरासी, तुझं सुरुवातीला कसं दिसत होतं? त्यालाही तिथेच जखम झालीय. सहा महिने मलम लावतोय. बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही.

त्याला मी शिव्या घातल्या, तुझ्याच शिव्या, दिंदा, अगदी तुझ्याच सुरात. घालता घालता कळलं, त्या मलाच लागू होतात. सोमवारच्या बोटीने आम्ही दोघं येतोय. दोघांसाठी जागा कर. कसाव्याचं पीठ आणतो, तुमच्या शहरातलं नुसता भुसा असतं.

अजून तुझाच,
जुरासी

साओ लुईस, २२ जून

प्रिय लिंदालवास,

लग्नाला सतरा वर्षं झाली आणि तुला पत्र पहिलंच. मायना काय लिहायचा ते दिंदाला विचारलं, तर ती हसत सुटली.

बेनिवालचं लवकर सापडलं. थोडंसंच कापलं, जांघ स्वच्छ आहे. तो बहुधा म्हातारा होऊन मरेल, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. माझ्या दोन्ही बाजूंच्या गाठी काढून तपासल्या; उजव्या बाजूला काही नाही. डाव्या बाजूच्या एका गाठीत निघालं. एकाच. पाय सुजलाय, टाके ओढतात.

मी विचारलं, बाई, तुम्ही निम्मे म्हणता, त्यातल्या कुठल्या निम्म्यात मी? त्या म्हणाल्या, ते मला सांगता येत नाही. पण एकच गाठ असणं दोनतीन असण्यापेक्षा बरं, आणि सप्टेंबरात आला असतात तर हे बोलणंही झालं नसतं. दोन वर्षं दर तीन महिन्यांनी यायचंय. येईन.

परवा, संतांच्या दिवशी, बैल तू नाचवशील. मी इथे असेन. लिंदालवा, मला भीती वाटतेय. रात्री दिंदा झोपली की जास्तच वाटते. ओट्यावर एकटा झोपत होतो तेव्हाही हीच भीती होती, राग नव्हता. तुला सांगायला तोंड नव्हतं, म्हणून आता सांगतोय. घरी आलो की माझी झोळी आत, तुझ्या शेजारी टांग.

तुझा,
जुरासी