विद्यापीठानं दळलेली नवरा-नवरी

शनिवार

माय,

पाया पडते. दोन राती झाल्या, डोळ्याले डोळा लागला नाई, हे आधीच सांगून टाकते, म्हंजे वाकडं अक्षर पाहून तू घाबरनार नाईस. (अक्षर माहं तसंबी वाकडंच. सातवीपर्यंतच तं शिकली.) गुड्डी बरी हाये, सासूबाई बऱ्या हायेत, गुड्डीचे बाबा राइस मिलमधी कामाले जाऊन राहिले. जागरन दुखन्याचं नाई. सोमवारी अकरा वाजता मले विद्यापीठाच्या पाच मानसाइपुढं उभं राहून सांगा लागते का माह्या कोहळ्याच्या वडीत लाल रंग कुठून आला. अन् रंग कुठून आला हे मले चांगलं माईत हाये. तेच तं लफडं हाये.

तुही कंबर कशी हाये? तेल लावून राहिली का नुसती शिशीकडं पाहून राहिली? बकरीनं दोन पिल्लं देल्ली म्हने, भोजराजभाऊनं सांगतलं. हे पत्र त्याच्याच हाती देऊन राहिली, तो कोंबड्याची गाडी घेऊन अड्याळले जाते. तुहा फोन पान्याच्या गुंडीत पडला तवापासून तुह्याशी बोलाचं म्हंजे कोंबड्याइचीच गाडी धरा लागते. पत्राले वास आला तं माफ कर.

आता सुरवातीपासून सांगते, काहून का आपल्या मनिषनं तुले त्याच्या सोयीनं सांगतलं असन. विद्यापीठानं आपल्या जिल्ह्यातल्या लोकाइसाठी एक कार्यक्रम काढला हाये. ज्याच्याजवळ धंद्याची कल्पना हाये त्याले सहा हप्ते शिकवतेत, सोबत एक जानकार लावून देतेत, अन् शेवटी जो निवडून येते त्याले लागन ते मशीन वर्षभर वापराले देतेत. याले स्टार्टअप म्हंतेत. मनिषनं माहा फारम भरला, मोबाईलवर, माह्याच अंगनात बसून, माह्याच वड्या तळून खात खात. नाव माहं, नंबर त्याचा. मी म्हटलं माहा नंबर टाक, तं म्हने, ताई, तुहा फोन तं दिवसभर गुड्डीच्या तोंडात राहते.

मले मशीन काहून पाहिजे ते आयक. काचेची पेटी हाये, आभाळ असलं तरी आत वडी वाळते. आता कसं हाये, उन्हाळा सरला का माहं काम सरलं. मशीन आली का पाऊसकाळीबी वडी, थंडीतबी वडी. अन् बारा महिने वडी निंघाली का धान कापून झाल्यावर गुड्डीच्या बाबाले हैदराबादले मजुरीले जा लागत नाई. मागच्या साली गेले तवा गुड्डी बारा दिवसाची होती. आले तवा तिनं त्यायले पाहून असं भोकाड पसरलं का तीन दिवस बाप बिचारा पडवीत जेवला. ते मले पुन्हा नाई पाहाचं. बस, एवढ्यासाठी मी स्टार्टअप झाली. बाकी मले काई हौस नाई.

क्लास साकोलीले होता. आमी बारा जन. एक पोट्टा धानावर फवारा मारनारं उडतं यंत्र घेऊन आला होता (ते पयल्याच दिवशी बोराच्या झाडात अडकलं, सरच चढले), अन् एक मी, कडेवर गुड्डी. गुड्डी आत रडे म्हनून मनिष तिले घेऊन खिडकीबाहेर उभा राहे. मले गुड्डी दिसे, गुड्डीले मी दिसे, अन् मनिष दोघीले दात दाखवे. सर काई इचारे तं मी त्या खिडकीकडं पाहूनच उत्तर देओ. सर म्हने, तुमच्या धंद्यातले प्रतिस्पर्धी कोन? मी म्हटलं, गावातल्या समद्याच बाया. मंग तुमचीच वडी काहून घ्यावी? मी म्हटलं, आमच्या सासूबाई काठी घेऊन बसतेत, कावळ्याले टेकू देत नाई. सरनं फळ्यावर लिहलं, 'गुणवत्ता नियंत्रण'. घरी येऊन सासूबाईले सांगतलं का तुमचं काम फळ्यावर लागलं, तं तवापासून त्या काठीले तेल लावतेत.

चौथ्या हप्त्यात सर म्हने, तुमचं ॲप दाखवा. मी म्हटलं, कोनतं ॲप? तं मनिषनं फारमवर लिहून ठेवलं होतं का वडी वाळली का नाई हे गिऱ्हाइकाले घरबसल्या मोबाईलवर दिसते! मी खरं ते सांगतलं, का सर, हे माह्या भावानं लिहलं, त्याले वडी करता येत नाई, नुसती खाता येते. समदा वर्ग हासला. खिडकीतून मनिषनंबी आयकलं. तो आत आला, गुड्डीले माह्या मांडीवर ठेवलं, अन् गेला. तवापासून माहा फोन उचलत नाई. (भंडाऱ्याच्या दुकानात दिवसभर दुनियेचे मोबाईल खोलून बसते, अन् बहिनीचा फोन आला का त्याचे हात भरून येतेत.) मी काय खोटं बोलली? तूच सांग. जाऊ दे. मले त्याची काई गरज नाई. पाचवा अन् सहावा हप्ता मी गुड्डीले पाठीशी बांधून एकटीनं काढला. दोन दिवस तोंडातून आवाज नाई निंघाला, ते वेगळं.

मंग आलं सॅम्पल. साकोलीच्या केंद्रावर एक मॅडम हाये, चांगली बाई हाये, गुड्डीचं नाक स्वतःच्या रुमालानं पुसते. ती म्हने, पाव किलो वडी बंद डब्ब्यात द्या, प्रयोगशाळेत तपासतीन, कागद चांगला आला का निवड. मी डब्बा धुतला, पुसला, उन्हात ठेवला, वडी भरली, अन् गुड्डी रडली म्हनून उठली. पाच मिनिटं उठली असन, माय. आता तुले माईतच हाये, आपल्या घरी वडी घालतानी पयल्या दोन मोठ्या घालतेत, एक नवरा, एक नवरी. त्यायले हळद-कुंकू लावतेत, मंग बाकीच्या घालतेत. तो जोडा कोनी खात नाई, तो डब्ब्यात राहते, त्याच्यानं वडीले कीड लागत नाई. सासूबाईनं पाहिलं का डब्बा तं चालला परगावी अन् जोडा राहिला घरी. वरात गेली अन् नवरा-नवरी मागंच, असं होते का कुठं? त्यायनं जोडा डब्ब्यात टाकला. परगावी जाऊन राहिला म्हनून वरून आनखी कुंकू लावलं, चांगलं बोट भरून. झाकन लावलं. अन् मले सांगतलं नाई, काहून का केलेलं चांगलं काम सांगत नसतेत.

तिकडं प्रयोगशाळेवाल्याइनं डब्बा उघडला. त्यायच्या कोनाच्या घरी वडी होत नसन. त्यायनं समदी मिक्सरमधी घातली, जोड्यासकट.

गुरुवारी मॅडमचा फोन आला. दामिनीताई, वडीत रंग टाकता का हो? खायचा नाई तसला लाल रंग निंघाला, सोमवारी निवडनाऱ्या पाच जनाइपुढं येऊन सांगा लागन. मी म्हटलं, मॅडम, गुड्डीची शप्पथ, माह्या वडीत उडीद, कोहळा, मीठ अन् जिरं, पाचवं काई नाई. हे म्हनता म्हनता माही नजर सासूबाईवर गेली. त्या तुळशीपुढं उभ्या, अन् बोट लाल. माय वं! पोरीची शप्पथ तं तोंडातून निंघून गेली होती! मी तसाच फोन ठेवून देल्ला. मॅडमले वाटलं असन, चोरी पकडली. अन् त्याच दिवशी गुड्डीले चार शिंका आल्या. मंग झोप कशी येईन, सांग.

सासूबाईले सांगतलं, तं त्यायले रंगाचं काईच नाई. मटकन खाली बसल्या. म्हने, "अवं बाप्पा, लगन लागलेला जोडा दळला?" त्या दिवशी जेवल्या नाई. शेजारच्या ताराबाईबी येऊन बाजूले बसल्या. दोघी अशा पदर तोंडाले लावून बसल्या का गुड्डीचे बाबा मिलमधून आले तं दारातच थांबले. चेहरा पांढरा. हळूच मले म्हने, "कोन गेलं?" मी म्हटलं, "वडी."

पन आता मी ठरवलं हाये. तोंड लपवाचं नाई. सोमवारी नवा डब्बा नेईन, अन् खरं ते सांगीन. फक्त सासूबाईचं नाव घ्यावं का नाई, ते समजत नव्हतं. नाव घेतलं तं सुनेनं सासूले पंचाइपुढं उभी केली असं होते. नाई घेतलं तं मी भेसळवाली, मशीन जाते अन् हैदराबाद येते. काल त्यायलेच इचारलं. त्या म्हने, "सांग ना. माही सासूबी तसंच करे, तिचंबी नाव सांग." मंग मी म्हटलं, पन याच्यापुढं गिऱ्हाइकाच्या डब्ब्यात जोडा टाकाचा नाई. याच्यावर अख्खी दुपार गेली. शेवटी असं ठरलं का जोडा देव्हाऱ्यात राहीन अन् कुंकू झाकनाले लागन, बाहेरून. सासूबाई म्हने, "मंग त्यायले आधीच सांगून ठेव, झाकन दळू नका."

पाच मिनिटं बोलाचं हाये. समदं पाठ केलं. कोंबड्याइपुढं म्हटलं तं बराबर आलं. गुड्डीच्या बाबापुढं म्हटलं तं ते झोपले, पन ते थकून येतेत. मी भेत नाई. डब्बा दोन्ही हातानं गच्च धरीन. गुड्डीले पाठीशी बांधीन अन् जाईन. मनिषची मले काई गरज नाई हे पुन्हा एकदा लिहते, म्हंजे तुह्या ध्यानात राहीन.

तुही
दामिनी

ता.क. एक राहिलंच. फारमवर नंबर मनिषचा हाये, हे तुले वर सांगतलं. सोमवारी दारावर त्याच्या फोनवर ओटीपी येईन, तो दाखवल्याबिगर मले आत सोडत नाई. फोनवरून सांगून चालत नाई, मानूस खुद्द लागते. तवा त्यानं साडेदहाले साकोलीले हजर राहावं. हे फक्त ओटीपीसाठी. मी बोलावलं असं त्यानं समजू नाई.

आनखी ता.क. माय, तुह्यापाशी खोटं लिहवत नाई, आधीच एक शप्पथ डोक्यावर हाये. ओटीपी-बिटीपी काई येत नाई. नंबर मॅडमनं मागंच बदलून माहा टाकला, नाई तं गुरुवारचा फोन मले कसा आला असता? मले फक्त ती खिडकी पाहिजे. खिडकीत गुड्डी पाहिजे अन् गुड्डीच्या मांगं त्याचे दात पाहिजे. पाच मिनिटं तो तिथं उभा राहिला का मी पाचही जनाइले पुरून उरन. नाई दिसला तं मले माहं नावबी आठवनार नाई. ॲप आनाचं असन तं आन म्हनावं, मी हासनार नाई.

आनखी एक ता.क. हे मायसाठी नाई, जो कोनी हे तिले वाचून दाखवून राहिला त्याच्यासाठी हाये. भाऊ असो, बाई असो, पोट्टं असो, तुमचं भलं होवो. मनिषचा नंबर कागदाच्या मांगं लिहला हाये. माहा फोन तो उचलत नाई, तुमचा उचलन. त्याले पयला ता.क. सांगा, दुसरा सांगू नका. माय मधातच रडाले लागन, तं रडू द्या, पानी मंग द्या. आधी माह्या भावाले फोन लावा.