पंचाहत्तरांतली सतरावी प्रत

मी, अनंत मोरेश्वर वर्तक ऊर्फ तात्या, वय ७६, निवृत्त चित्रकला शिक्षक, राहणार बोर्ली पंचतन, तालुका श्रीवर्धन, कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे.

१. राहते घर व सुपारीची वाडी मुलगा वरद यास. चार वर्षांत त्याने उंबरा ओलांडलेला नाही. तरी त्याचेच.

२. माझ्याकडे एकाच नामवंत चित्रकाराची बारा मुद्राचित्रे आहेत. मोजक्याच प्रती काढून ठसा मोडलेला, प्रत्येकीवर पेन्सिलीने क्रमांक आणि सही. शेजारचा सदा यांना 'कॅलेंडरं' म्हणत आला. त्याला माझे भिंग द्यावे, मरायच्या आत फरक कळला तर बघावे.

खाऱ्या हवेच्या भीतीने ही चित्रे मी सागवानी पेटीत ठेवली. माझी पत्नी पद्मा हिला त्यांतली 'निळी होडी', पंचाहत्तरांतली सतरावी प्रत, ओटीवर खिडकीसमोर हवी होती. उन्हाने रंग उडेल, असे मी वीस वर्षे सांगितले. शेवटी तिने तिथे खरोखरच कॅलेंडर लावले.

३. ३ जून २०२०च्या वादळात कौले उडू लागली तेव्हा घरातली एकुलती ताडपत्री मी पेटीला गुंडाळली. स्वयंपाकघराची भिंत पद्माच्या पायावर पडली होती. ती हाका मारीत होती. "आलो, आलो," म्हणत मी दोरीच्या गाठी मारीत राहिलो. आमच्या पडवीत आसऱ्याला आलेल्या मासळीवाल्या नीराबाईने तिला ओढून काढले. मग मला म्हणाली, "तात्या, तुमचं कागद सुकं हाय. बाय भिजली."

झाडे पडून रस्ते बंद. तिला माणगावच्या इस्पितळात न्यायला तिसरा दिवस उजाडला. महिनाभरात पद्मा गेली. तिच्या पाटल्या नीराबाईस द्याव्यात, त्यावर कोणी तोंड वाजवू नये.

पद्माचे दिवस झाल्यावर वरदने विचारले होते, "बाबा, आधी काय उचललंत?" उत्तर इथे लेखी देतो. पेटी.

४. अकरा चित्रे माझ्या शाळेस. 'निळी होडी' पुतणी अनुया हिने काच न लावता ओटीवर, पद्माने सांगितलेल्या जागी टांगावी. खिडकी उघडी ठेवावी. रंग उडाला तरी उतरवू नये.

तो पुरता उडायच्या आत वरदने एकदा येऊन पाहावे. सक्ती नाही.

ठिकाण : बोर्ली पंचतन
दिनांक : १२ नोव्हेंबर २०२४

सही : अ. मो. वर्तक

आमच्यासमोर सही केली. सही करताना रडले, पण शुद्धीवर होते.
साक्षीदार : १. शिवदास पाटील २. हेमांगी दांडेकर