बॅटरीशिवायची अकरा घरं

११ नोव्हेंबर, मंगळवार

"तुला म्हायत होतं काय गो?" कमळामावशीने एवढंच विचारलं.  

शनिवारी लाइनीवर माड पडला, मिरकरवाड्यातली वीज गेली ती आज सकाळी आली. एरवी वीज गेली की मावशी बर्फ आणून फ्रीझरमध्ये भरते. या वेळी आणला नाही. छपरावर मीच विकलेलं सोलर पॅनेल, डोक्यावर ऊन — आणि भाची सांगून गेलीये ना! दिवे लागेनात तेव्हाही म्हणाली, ऊन आत साठत असेल, साठलं की चालू होईल. झाकण उघडलं नाही. आज उघडलं. हातखंब्याच्या हॉटेलला द्यायची सुरमई, कोलंबी — सगळं लिबलिबीत. मीच उपसलं. चारदा साबण लावला, हाताचा वास जात नाही.

१२ नोव्हेंबर

माहीत होतं की नव्हतं? पुस्तकात होतं. साधा सोलर इन्व्हर्टर बाहेरच्या विजेच्या आधारावर चालतो. लाइन गेली की मुद्दाम बंद पडतो — नाहीतर आपली वीज उलटी तारेत शिरेल आणि खांबावर चढलेला वायरमन मरेल. योग्यच आहे ते. घर चालू ठेवायचं तर बॅटरी हवी, आणि घराला लाइनीपासून तोडणारा वेगळा इन्व्हर्टर. मग दिवसा पॅनेल घर चालवतात, उरलेल्या विजेवर बॅटरी भरते, ऊन उतरलं की ती घर चालवते.

परीक्षेत आकृतीसकट लिहिलंय मी हे. मावशीच्या ओटीवर मात्र म्हणाले, ऊन आहे तोवर काळजी नको. बॅटरीचा ब सुद्धा काढला नाही. आणि ती शेजारणीला सांगत होती, आमची रुचिरा घरातली पहिली ग्रॅज्युएट, फसवायची नाय.

शी!

१३ नोव्हेंबर

नितेशसरांना सांगितलं. मिरजोळ्यातलं आमचं ऑफिस त्यांचंच. शांतपणे चहा पीत ऐकलं. मग धडा — बॅटरी म्हटलं की किंमत फुगते, गिऱ्हाईक उठून जातं. खोटं कुठे बोललो आपण? विचारलं तर सांगायचं, नाही विचारलं तर गप्प बसायचं. वर म्हणाले, "आणि जरा लांब बस. वास येतोय तुला."

येतोच आहे.

१५ नोव्हेंबर

फाईल द्यायला सरांच्या घरी गेले. त्यांच्या आळीत वीज नव्हती. त्यांच्याकडे पंखा गरगरत होता, फ्रीज चालू. जिन्याखाली दोन बॅटऱ्या, वर क्रोशाचं विणकाम घातलेलं. सरांच्या आई, येसूबाई, कौतुकाने दाखवत होत्या. पॅनेलच्या आधी बॅटरीचीच ऑर्डर दिली म्हणे मुलाने. "सांगत होता, आये, हिच्याबिगर वीज गेली की वर नुसते पत्रे."

कोकम सरबत दिलं त्यांनी. पेला तसाच ठेवला. म्हातारीला काय माहीत! पण त्या घरातलं पाणीसुद्धा नको झालं.

१६ नोव्हेंबर

नावं लिहून काढली. मी विकलेली अकरा घरं, मावशीचं धरून. एकाकडेही बॅटरी नाही. एकानेही विचारलं नव्हतं. विचारणार कसं? काय विचारायचं हे सांगायलाच तर मी गेले होते. त्यांच्या पोह्यांची चव घेतली, सह्या घेतल्या, निघाले.

१७ नोव्हेंबर

आई म्हणते, नोकरी नीट कर, मावशीची समजूत मी घालते. समजूत!

२० नोव्हेंबर

अकराही घरं झाली. भर उन्हात गेले, कंपनीचाच टी-शर्ट घालून. घरच्यांना पंख्याखाली बसवलं, मेन स्विच खाली ओढला आणि पंखा थांबल्यावर सांगितलं, लाइन गेली की असंच होणार, बॅटरीचं मी बोलले नव्हते. अकराव्या घरी नितेशसर बातमी लागून आधीच येऊन बसले होते. त्यांच्यासमोर स्विच ओढला.