उंटाची वायर

आई, रविवारी दुपारी तुझ्या नातीनं मला एक प्रश्न विचारला आणि मी तिला पूर्ण उत्तर दिलं नाही. तू तिला पाहिलेलं नाहीस. अकरा वर्षांची आहे. गाढव न्हावी आणि त्याचा शेजारी उंट यांचं जे कार्टून आपण दोघी बघायचो, ते आता पुन्हा लागतं आणि त्याच्यावर नवा व्हिडिओ गेम आला आहे. तो तिला वाढदिवसाला घेतला. खेळता खेळता ती म्हणाली, "मम्मी, तुझ्याकडं पण ह्याचा गेम होता ना? तो भारी होता का हा?" मी म्हटलं, "हा नवा." तिनं विचारलं, "का?" त्यावर मी चहा ठेवायला उठले.

जुना गेम तूच आणला होतास. डब्यावर उंटाचं चित्र होतं म्हणून तू दुकानासमोर थांबलीस आणि दुकानदाराला दोनदा विचारलंस, "दोघींना खेळाय येतंय न्हवं?" कार्टूनमधलं अर्धी हजामत झालेलं गिऱ्हाईक पळालं, की उंट त्याच्यामागं धावायचा आणि स्वतःच्याच पायात पाय अडकून पडायचा. तू डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायचीस. "ह्यो आपल्या गल्लीतलाच हाय की," म्हणायचीस. त्यामुळं गाढव माझं आणि उंट तुझा, हे न बोलताच ठरलं.

मी शाळेतून येते तेव्हा तू भिंतीला टेकून विड्या वळत बसलेली असतेस. मला बघून मांडीवरचं सूप बाजूला सरकवतेस, पदराला हात पुसतेस, तरी बोटांना तंबाखूची पूड राहतेच. गेमचा रिमोट तू दोन्ही हातांनी घट्ट धरतेस, कुणी हिसकावून घेईल असा. टीव्हीकडं बघत बघत विडी वळून तिचं तोंड दुमडणारी तुझी बोटं, पण रिमोट हातात आला की सगळी बटणं एकदम दाबतात. उंट खड्ड्यात जातो. त्या गेममध्ये एक पडला की दोघंही बाद, पुन्हा पहिल्यापासून. गेमच्या शेवटच्या टप्प्यापर्यंत, त्या बाजारापर्यंत, मी एकदाही पोचले नव्हते. एक दिवस मी रिमोट आपटला आणि म्हणाले, "आई, तुला काहीच जमत नाही." तू सूप परत मांडीवर ओढलंस. "विड्या वळते की. तुला येत्यात का?" असं म्हणून हसलीस. पण त्या दिवशी पुन्हा खेळली नाहीस.

दुसऱ्या दिवशी तू पानं भिजवायला मोरीवर गेलीस, तेव्हा मी तुझ्या रिमोटची वायर गेमच्या मशीनमधून काढली आणि टीव्हीच्या मागं सरकवून ठेवली. दुसरा रिमोट जोडलेला नसला की मशीन उंटाला स्वतःच पळवायचं. तू आलीस, बसलीस, बटणं दाबलीस. उंट सगळ्या खड्ड्यांवरून उड्या मारत गेला. तू ओरडलीस, "बघ, बघ! आज पडलो न्हाय!" शेजारच्या काकूंना हाक मारून सांगितलंस. पुढं आपण शेवटच्या बाजारापर्यंत गेलो, कितीतरी वेळा. मला वाटायचं, काय बिघडलं, तू पण खुश, मी पण खुश. एकदाच तू खेळता खेळता म्हणालीस, "उंट आता माझं ऐकत न्हाय, पण पडत बी न्हाय. लई शहाणा झाला." मी तुझ्याकडं बघितलं नाही.

तू गेलीस तेव्हा मी एक्स-रेच्या कोर्सच्या शेवटच्या वर्षाला होते. महिन्याभरानं घर आवरताना टीव्हीच्या मागून ती वायर निघाली. तिच्या पिनेवर प्लास्टिकचा तुकडा गुंडाळून वर दोरा बांधलेला होता. विडीचा दोरा, आणि गाठ तुझी. विड्यांचा कट्टा बांधताना दुसरा वेढा आतून घेऊन तू जी मारायचीस, ती. पिनेत तंबाखूची पूड जाऊ नये म्हणून तू ती बांधून परत तिथंच ठेवली होतीस. म्हणजे वायर काढलेली तुला माहीत होती. पहिल्या आठवड्यात कळलं की शेवटच्या, हे मात्र कळायला मार्ग नाही. रोज झाडताना तू टीव्हीच्या मागं झाडू घालायचीस, एवढं मला आठवतं. काकूंना हाक मारलीस तेव्हा माहीत होतं का? की त्या दिवशी आनंद खरा होता आणि नंतरचा माझ्यासाठी होता? कामावर कुणाच्या तरी छातीचा फोटो काढताना, श्वास रोखून धरा म्हणताना, मध्येच हे मनात येतं.

नवा गेम तसा नाही. रंग सुंदर आहेत, आवाज तेच आहेत, बाजार तर मंद्रूपच्या आठवडी बाजारासारखा गच्च भरलेला. पण दुसरं माणूस नसेल तर उंट जागचा हलत नाही. थोडा वेळ वाट बघतो आणि खाली बसतो. आणि एक पडला तर दुसऱ्यानं मागं जाऊन त्याला उठवायचं असतं. चहा घेऊन आले तर उंट बसलेलाच होता. मुलगी म्हणाली, "मम्मी, घे ना, कवापासनं बसलाय बिचारा." मी रिमोट घेतला आणि पहिल्याच खड्ड्यात पडले. "अगं, सगळी बटणं काय दाबतीयास?" ती हसली, गाढवाला मागं आणलं आणि मला उठवलं. असं सातआठ वेळा झालं. ती एकदाही चिडली नाही. मला तिथं बसवेना.

"तुझा जुना गेम दाखव की," असं ती आता रोज म्हणते. तो मोडला असं मी तिला सांगितलं आहे. आई, तो मोडलेला नाही. कपाटात वरच्या फळीवर आहे, दोन्ही रिमोटसकट. पिनेवरचा दोरा सोडवला तर आम्हा दोघींना खेळता येईल. मला ती गाठ सोडवत नाही.