रिकामा रकाना

रविवार, १० नोव्हेंबर

आज दुपारी खामगावला पोचलो. आमच्या बीबी गावाहून दोन बस बदलाव्या लागल्या, पण दोन्हीत खिडकी मिळाली. कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या मागे, गोदामाला लागून खोली आहे. पत्रे नवे आहेत, दाराची कडी नीट लागते, नळाला सकाळी सात ते आठ पाणी असते. ट्रंपेट खुंटीला टांगला आणि धूळ जाऊ नये म्हणून तोंडाला फडके बांधले. मे महिन्यात शेखरमामांच्या बँडमध्ये पुढचा ट्रंपेट मी वाजवणार, हे ठरलेले आहे. तोवर कापसाचा हंगाम इथे काढायचा. मुकादम फारुखभाईंनी माझे अक्षर पाहिले आणि म्हणाले, नववी नापास पोट्ट्याचं अक्षर असं असते काय बे! नावांचा आणि आकड्यांचा तक्ता मीच लिहायचा, असे ठरले. मन खूश झाले.

सोमवार, ११ नोव्हेंबर

कामाचा पहिला दिवस. बाया यंत्रात कापूस टाकतात, सरकी खाली पडते आणि रुई हवेत उडते. दुपारपर्यंत माझ्या पापण्या पांढऱ्या झाल्या होत्या.

इथे दर सोमवारी दहा वाजता यंत्रे बंद करून छातीचा दम मोजायला सगळ्यांची फुंक घेतात. प्लास्टिकची नळी आहे, बाजूला आकडे, आत लाल काटा. जोराने फुंकले की काटा सरकतो. आकडे तपासणीवाल्यांकडे जातात. अडीचशेच्या खाली आला तो घरी. रविवारच्या सुटीनंतर सोमवारीच इथल्या माणसांची छाती सगळ्यात जास्त आवळते, त्यामुळे सगळे घाबरलेले.

मी फुंकले तर सहाशेवीस. फारुखभाईंनी नळी पुन्हा माझ्याच हातात दिली. म्हणाले, तुह्याजवळ छाती हाय, आमच्याजवळ पोट हाय, मार आमच्या नावानं. सगळे हसले. मग मी चौदा जणांच्या नावाने चौदा वेळा फुंकले. आकडे एकसारखे दिसू नयेत म्हणून कुणासाठी हळू, कुणासाठी जोरात. फारुखभाई चारशेदहा, कापूस टाकणाऱ्या मंजुळाबाई तीनशेऐंशी.

तक्त्यात दयाराम या नावापुढचा रकाना रिकामा होता. गैरहजर असेल, त्याचे काम जाऊ नये, असे वाटले. शिवाय मला रिकामा रकाना पाहवत नाही. त्याच्याही नावाने फुंकले. चारशेपन्नास. मंजुळाबाई बाजूलाच उभ्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला. दयाराम त्यांचे मालक, म्हणजे नवरा, असे नंतर कळले.

सोमवार, १८ नोव्हेंबर

आज माझे पाचशेचाळीस. कदाचित सर्दी. बाकीच्यांचे गेल्या वेळेसारखेच फुंकले.

मंजुळाबाईंनी माझ्यासाठी भाकर आणि झुणका आणला. म्हणाल्या, तुह्या फुंकीनं त्याले लय बरं वाटून राह्यलं. आधी ते रात्रभर बसून असत. दोन आखूड खोकले, मग एक लांब, आणि त्या लांब खोकल्यात जीव जाईल असे वाटे. आता आडवे होऊन झोपतात. मला समाधान वाटले. कुणाला तरी आपला उपयोग झाला.

सोमवार, २५ नोव्हेंबर

चारशेतीस. तीनदा फुंकून पाहिले.

दुपारी ट्रंपेट काढला. पहिली ओळ अर्ध्यावरच तुटली. ही ओळ मी वरातीत चालता चालता वाजवतो.

फारुखभाई मात्र सरकीची पोती पाठीवर घेऊन शिडी चढत होते. गेल्या महिन्यात जिना चढताना ते मध्ये दोनदा बसायचे, असे सगळेच सांगतात. मी विचारले, तर म्हणाले, अल्लाची मेहेरबानी, आन् तुही.

गुरुवार, २८ नोव्हेंबर

दयारामांना भेटून यावे म्हणून पेरू घेतले आणि फारुखभाईंना घर विचारले. त्यांनी सांगितले, दयाराम मागच्या होळीआधीच गेला. याच यंत्रापाशी खोकता खोकता गेला.

इथली रीत अशी, की गेलेल्याचे नाव एक हंगाम तक्त्यात ठेवायचे. खोडायचे नाही. पण रकाना रिकामा ठेवायचा. त्यात काही लिहायचे नाही. हे मला कोणी सांगितले नव्हते. मीही विचारले नाही. भरून टाकला.

तू लिवलं तवाच पाह्यलं मी, फारुखभाई म्हणाले. पण मंजुळाचं तोंड पाहून गप बसलो बे.

सोमवार, २ डिसेंबर

दोनशेनव्वद.

आज दयारामचा रकाना रिकामा सोडला. बाकी चौदा जणांचे फुंकावेच लागले. सगळे रांगेत उभे राहून माझ्या तोंडाकडे बघत होते. नाही म्हणता आले नाही.

मंजुळाबाईंनी आज भाकर आणली नाही. सुटताना म्हणाल्या, उपाशी ठेवलं त्याले.

शुक्रवार, ६ डिसेंबर

मोठ्या दवाखान्यात जाऊन आलो. एक्स-रे काढला. छाती स्वच्छ आहे, काही नाही, असे सांगितले. श्वासाचा पंप दिला. दवाखान्याच्या सात पायऱ्या उतरायला चार वेळा थांबलो.

सोमवार, ९ डिसेंबर

तपासणीची गाडी आली. डॉक्टरबाईंनी टेबल मांडले. आज प्रत्येकाने स्वतः फुंकायचे. मला वाटले, सुटलो. आता सगळे उघडे पडेल.

फारुखभाईंनी फुंकले. चारशेदहा.

मंजुळाबाई. तीनशेऐंशी.

चौदाच्या चौदा. मी ज्याच्यापुढे जो आकडा लिहिला होता तोच. नळीवरची एक रेघही इकडे तिकडे नाही.

मग बाईंनी तक्त्यातले नाव वाचले, दयाराम. कोणी पुढे आले नाही. नळी टेबलावर आडवी पडलेली. काटा सरकला. मी पाहिला. चारशेपन्नास. बाईंनी मान वर न करता आकडा उतरवला.

माझे एकशेदहा.

बाईंनी दोनदा विचारले, बिडी ओढतोस का? उद्यापासून यंत्राजवळ जायचे नाही, म्हणाल्या. बाकी सगळे ठणठणीत आहेत.

बुधवार, ११ डिसेंबर

घरी जायला स्टँडवर निघालो होतो. फाटकापर्यंत गेलो. तिथेच बसलो. दोघांनी उचलून खोलीत आणले. दोघांनाही धाप लागली नाही.

गुरुवार, १२ डिसेंबर

फारुखभाईंच्या पाया पडलो. म्हणालो, प्रत्येकजण माझ्या नावाने एक-एक फुंक मारा. एकच. तेवढी परत द्या.

त्यांनी माझे हात पायांवरून सोडवले. मग म्हणाले, चौदा घरं हायेत, पोट्ट्या.

बाहेर सगळे उभे होते. कुणी आत आले नाही.

शनिवार, १४ डिसेंबर

बसूनच झोपतो. आडवे झाले की— नाही.

मामांचा फोन. उचलला. बोलता आले नाही. ते हॅलो हॅलो करत राहिले.

रविवार, १५ डिसेंबर

मंजुळाबाई आल्या. डोक्यावरून हात फिरवला. रडू नको म्हणाल्या. कोणी नाही तर थो हाय ना, माहा मालक. त्यानं तुहं खाल्लं, थो विसरत नाही. उद्या तुह्या नावानं थो फुंक मारते म्हणे.

फारुखभाईंना चिठ्ठी पाठवली. माझा रकाना रिकामा ठेवा. पाया पडतो. रिकामा ठेवा.

सोमवार, १६ डिसेंबर

दहा वाजले. यंत्रे थांबली. भिंतीतून ऐकू येते. फुंकतात.

एक. दोन. तीन—

चौदा.

थांबले. बरे झाले. माझा रिकामा—

पंधरावी.

छाती भरली. मी श्वास घेतला नाही. आपोआप. किती दिवसांनी इतका— बरे वाटते— नाही. चव रुईची. शिळी.

सोडता येत नाही. आत काही तरी हलते.

खोकला. मी नाही खोकलो. आतून. आखूड.

पुन्हा आखूड.

आता लांब