सोगुमला कोणती गाय?

कोचकोर, १८ ऑक्टोबर १९९८

चि. तोलोमुश यास ताईचे अनेक आशीर्वाद.

तू जनावरांचा डॉक्टर, म्हणून घाईने विचारते. गवत यंदा निम्मंच झालं. तीन गायी आणि वळू, सगळे काही वसंतापर्यंत जगवता येणार नाहीत. तेव्हा सोगुमला, थंडीच्या मटणासाठी, एक गाय कापायची आहे. वळूला हात लावायचा नाही, घोडा देऊन आणलाय, असं तुझ्या भाऊजींनी आधीच बजावलंय.

ते म्हणतात, सुनेच्या माहेरची लाल गाय काढा. दोन वर्षांत एकदाही फळली नाही. बाकी दोघी यंदा उलटल्या, गाभण राहिल्या नाहीत, पण निदान दूध तरी देतात. हे ऐकून सूनबाई जरिपा जेवली नाही रे! तिच्याही लग्नाला दोन वर्षं झाली, घरात पाळणा नाही. जशी गाय तशी मालकीण, असं शेजारणी तिच्या तोंडावर म्हणतात. बिचारी तीनदा दवाखान्यात जाऊन आली. लाल गाय गेली तर ती मनातून खचेल. लवकर कळव.

तुझी बुरुलसून ताई

बिश्केक, २७ ऑक्टोबर

ती. ताईस सलाम, वि. वि.

तुझं पत्र वाचून मी अशी टाळी वाजवली की बायको धावत आली! अगं, तिघीही रिकाम्या, आणि तुम्ही गायींनाच दोष देताय? वळूकडे बघा की! आळीतल्या गायीही त्याच्याकडे आल्या असतील ना? त्यांचं काय झालं ते विचार. एक गाय कापलीत तर एका तोंडाचं गवत वाचेल. पण वळू राहिला तर पुढल्या वर्षीही वासरू नाही, दूध नाही, आणि सगळ्यात जास्त खाणार तोच! भाऊजी चिडले तर माझं नाव सांग. मी दोनशे किलोमीटर लांब आहे.

तुझा तोलोमुश

कोचकोर, ३ डिसेंबर

चि. तोलोमुश यास आशीर्वाद.

अरे, आळीभर विचारून आले. आपल्या वळूकडे आलेली एकही गाय गाभण नाही! पलीकडच्या आळीतल्या वळूकडे गेलेल्या सगळ्या गाभण! तुझे भाऊजी तिसऱ्या दिवशी स्वतःच सुरी पाजळायला बसले. लाल गाय गोठ्यात मजेत रवंथ करतेय.

वळू कापला त्या दिवशी जरिपा सगळ्यांसमोर सागिनला म्हणाली, की मी तीनदा दवाखान्यात जाऊन आले, आता तुम्ही एकदा जा. माझा लेक कानापर्यंत लाल झाला. मी सासू असून मला हे कधी सुचलं नाही, याची लाज वाटली. पण आनंदही इतका झाला की मी तिथेच सुनेचा मुका घेतला!

शुक्रवारी दोघं तुझ्याकडे येताहेत. बरोबर तुझा मटणाचा वाटा आहे. लोभ आहेच, तो असू दे. पण सागिनसाठी डॉक्टर मात्र माणसांचा बघ.

तुझी ताई